अमेरिकेतील शटडाऊन आणि खासगी वैमानिक: कोणता कागद कोणाच्या टेबलावर अडतो?

आपल्याकडे सरकारी काम संपामुळे अडते, आचारसंहितेमुळे अडते, साहेब रजेवर गेल्यामुळेही अडते. पण पैसे मंजूर झाले नाहीत म्हणून केंद्र सरकारच्या कार्यालयाला कुलूप लागले, असे आपण कधी ऐकलेले नसते. अर्थसंकल्प वेळेत संमत होणार नसेल तर आपल्या राज्यघटनेच्या ११६व्या कलमानुसार लोकसभा लेखानुदान मंजूर करते आणि कारभार पुढे चालू राहतो. अमेरिकेत अशी सोय आपोआप होत नाही. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा मडगावहून विमान शिकायला तिकडे गेलेल्या मुलांना, तसेच ह्यूस्टन किंवा सॅन होजेत नोकरी करता करता शनिवार-रविवारी उड्डाणाचे धडे घेणाऱ्या आपल्या मंडळींना, 'शटडाऊन' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की दोनच प्रश्न पडतात: आता उडता येईल का, आणि परवाना मिळेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असे असते. दुसऱ्याचे उत्तर आपला कागद त्या दिवशी कोणाच्या टेबलावर पडून आहे यावर ठरते, आणि हा लेख मुख्यतः त्या टेबलांविषयी आहे.

पहिली पायरी: नेमके काय बंद पडते ते समजून घ्या

अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बारा खर्च-विधेयके किंवा निदान तात्पुरती मंजुरी दिली नाही, तर ज्या खात्यांचा पैसा अडला असेल त्यांना बहुतेक कामकाज थांबवावे लागते. मंजुरीवाचून सरकारने खर्च करू नये असा कायदा तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहे, मात्र त्याचा आजचा कडक अर्थ ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० मध्ये लावला. जीविताच्या व मालमत्तेच्या सुरक्षेशी थेट संबंध असलेली कामे या अर्थानुसार सुरू ठेवता येतात. म्हणून हवाई वाहतूक नियंत्रक आपल्या जागेवर बसतात, पण त्यांचा पगार थांबतो. उरलेल्या अनेक कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी पाठवले जाते. थकलेला पगार नंतर मिळेलच, ही हमी २०१९ च्या कायद्याने दिली आहे, पण घराचा हप्ता त्या हमीवर भरता येत नाही.

नवख्याने अलीकडचे तीन प्रसंग लक्षात ठेवावेत. २०१३ मध्ये १ ऑक्टोबरपासून १६ दिवस कारभार ठप्प झाला. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या काळात तो ३५ दिवस अंशतः बंद राहिला. तेव्हा संरक्षण खात्यासारख्या काही खात्यांचा पैसा आधीच मंजूर झाला होता, मात्र परिवहन आणि अंतर्गत सुरक्षा या दोन्ही खात्यांचा अडलेला होता. वैमानिकाचे काम नेमके याच दोन खात्यांशी असते, कारण विमान वाहतुकीचे नियमन करणारी एफएए परिवहन खात्याखाली आणि सुरक्षा पडताळणी करणारी टीएसए अंतर्गत सुरक्षा खात्याखाली येते. तिसरा प्रसंग १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ चा, ४३ दिवसांचा, म्हणजे आजवरचा सर्वांत लांबलेल्यांपैकी एक. बातमीत 'शटडाऊन' असे मोघम लिहिलेले असले तरी कोणत्या खात्याचा पैसा अडला आहे ते आधी पाहावे, कारण एक खाते बंद आणि दुसरे सुरू अशी स्थिती येऊ शकते.

याच्याच जोडीला एक वेगळे दुखणे आहे. एफएएला काम करण्याचा मूळ अधिकार देणारा कायदा दर काही वर्षांनी नव्याने संमत करावा लागतो. २०११ मध्ये तो वेळेत झाला नाही, तेव्हा २३ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात बाकीचे सरकार सुरळीत चालू असतानाही एफएएचे सुमारे ४,००० कर्मचारी घरी बसले. तिकिटावरचा कर वसूल करण्याचा अधिकारही त्या काळात सरकारकडे उरला नव्हता. बऱ्याच विमान कंपन्यांनी तेवढेच पैसे भाड्यात वाढवून स्वतःच्या खिशात घातले, हे जाता जाता सांगायला हवे. सध्याचा कायदा मे २०२४ मध्ये झाला असून तो २०२८ च्या आर्थिक वर्षापर्यंत लागू आहे, त्यामुळे तूर्त ही काळजी नाही.

दुसरी पायरी: आपल्या कागदांचा तक्ता मांडा

एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात कागदाचे नाव, दुसऱ्यात त्याची मुदत आणि तिसऱ्यात तो देणारी व्यक्ती सरकारी नोकर आहे की खासगी, हे लिहावे. तिसरा रकाना भरताना बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण अमेरिकेतील वैमानिक-प्रशिक्षणाचा फार मोठा भाग सरकारने खासगी माणसांवर सोपवलेला आहे. आपला इन्स्ट्रक्टर, वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर, लेखी परीक्षेचे केंद्र, प्रात्यक्षिक परीक्षा घेणारा परीक्षक आणि विमानाची वार्षिक तपासणी करणारा मेकॅनिक, यांपैकी साधारणपणे कोणीही सरकारी पगारावर नसतो. दर २४ महिन्यांनी करावा लागणारा फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे उड्डाण-कौशल्याची उजळणी, तीसुद्धा इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकातील सहीने पूर्ण होतो. सरकार बंद असो वा चालू, त्या सहीत फरक पडत नाही.

सरकारी टेबले मोजकी आहेत, पण प्रत्येक वाट कुठे ना कुठे त्यांच्यावरून जाते. ओक्लाहोमा सिटीत वैमानिकांची प्रमाणपत्रे देणारी शाखा, वैद्यकीय प्रकरणांचा विभाग आणि विमान-नोंदणी कार्यालय आहे. गावोगावच्या विमानतळांलगत एफएएची जिल्हा कार्यालये आहेत. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिथले वैमानिक त्यांना 'फिझडो' म्हणतात. आणि टीएसए आहे.

दुसरा रकाना भरताना एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: शटडाऊनमुळे कोणत्याही कागदाची मुदत आपोआप वाढत नाही. २०२० च्या महासाथीत एफएएने खास नियम काढून अनेक मुदती पुढे ढकलल्या होत्या, त्या आठवणीवर विसंबून काही जण याही वेळी सवलत मिळेल असे धरून चालतात. तसे धरून चालू नये.

तिसरी पायरी: सोलोपूर्वीचे सरकारी उंबरठे आधी ओलांडा

इन्स्ट्रक्टर शेजारी असताना शिकायला विद्यार्थी-वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. एकट्याने, म्हणजे सोलो, उडताना मात्र ते लागते. १ एप्रिल २०१६ पासून हे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कार्डाच्या रूपात मिळते. आयॅक्रा या एफएएच्या संगणकीय प्रणालीत नाव नोंदवले की आपल्याला एक कायमचा क्रमांक मिळतो, इन्स्ट्रक्टर अर्ज तपासून पुढे पाठवतो, टीएसए पार्श्वभूमी पडताळते आणि मग कार्ड निघते. सुरळीत दिवसांतही याला सुमारे तीन आठवडे लागतात. पडताळणी आणि छपाई ही दोन्ही कामे सरकारी असल्यामुळे अर्ज पहिल्या धड्याच्या आठवड्यातच करावा, सोलो जवळ आल्यावर नव्हे. या कार्डाला आता मुदत नसते, म्हणून ते लवकर काढण्यात काहीच तोटा नाही, आणि तरीही दर वर्षी कोणी ना कोणी दहा-बारा तास उडून झाल्यावर 'कार्डाचे काय झाले?' असे विचारतो.

अमेरिकी नागरिक नसलेल्यांना आणखी एक उंबरठा आहे, आणि आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना तोच लागू होतो. टीएसएच्या उड्डाण-प्रशिक्षण सुरक्षा कार्यक्रमाची मंजुरी मिळाल्याखेरीज शाळेला त्यांना परवान्याचे प्रशिक्षण सुरूच करता येत नाही. बोटांचे ठसे, पासपोर्ट, व्हिसा आणि शुल्क हे सारे त्यात आले. ३० जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही पडताळणी एकदा झाली की साधारणपणे पाच वर्षे ग्राह्य धरली जाते. त्यामुळे खासगी परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता) आणि व्यावसायिक परवाना हे सर्व करायचे असेल, तर सुरुवातीलाच ही मंजुरी घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. पुढच्या टप्प्याची माहिती शाळा टीएसएच्या संकेतस्थळावर कळवते. सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेत उतरून १ ऑक्टोबरला ठसे द्यायचा बेत मात्र करू नये.

व्हिसाची बाब थोडी वेगळी आहे. परराष्ट्र खात्याचे व्हिसा-काम आणि मुक्काम वाढवण्याचे अर्ज पाहणारे कार्यालय मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालते, म्हणून ते शटडाऊनमध्येही सहसा सुरू राहते. खरी अडचण एम-१, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणाच्या, व्हिसावरील विद्यार्थ्याची होते. त्याच्या मुक्कामाला ठरावीक तारीख असते, सुरुवातीला फार तर एक वर्ष. प्रशिक्षण एखाद्या सरकारी टेबलावर सहा आठवडे अडले तरी ती तारीख हलत नाही. शाळेतील विद्यार्थी-व्हिसा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विलंबाची लेखी कल्पना पहिल्याच आठवड्यात द्यावी आणि मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटण्यापूर्वी पुरेसा आधी करावा.

चौथी पायरी: वैद्यकीय प्रमाणपत्र डॉक्टरच्या खोलीतच मिळेल अशी तयारी करा

खासगी वैमानिकाला तिसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र पुरते. तपासणी एफएएने नेमलेला खासगी डॉक्टर करतो आणि सर्व काही ठीक असेल तर तो तिथल्या तिथे प्रमाणपत्र हातात देतो. वय ४० पेक्षा कमी असेल तर ते ६० महिने चालते, अन्यथा २४ महिने, आणि मुदत महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. इथपर्यंत शटडाऊनचा वारा लागत नाही.

गाडे अडते ते डॉक्टरने स्वतः निर्णय न घेता प्रकरण ओक्लाहोमा सिटीकडे पाठवले तर. पूर्वी घेतलेली नैराश्याची औषधे, हृदयविकार, झटके, इन्सुलिन, अशा बाबतींत असे होते. सुरळीत दिवसांतही या टेबलावर महिनोन्‌महिने जातात. कर्मचारी कमी असताना रांग आणखी लांबते. उलट, काही आजारांबाबत, उदाहरणार्थ आटोक्यातला दमा किंवा थायरॉईडची कमतरता, ठरलेली कागदपत्रे सोबत नेली तर डॉक्टरला स्वतःच प्रमाणपत्र देता येते. म्हणून आधी एफएएच्या यादीत आपला आजार शोधावा, त्यासमोरची तपासणीपत्रिका छापावी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून ती भरून घ्यावी आणि मगच तपासणीची वेळ ठरवावी. भारतातील जुनी कागदपत्रे असतील तर ती इंग्रजीत आणि तारखांसह असावीत. 'औषध चालू आहे' एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीने काम भागत नाही. मेडएक्सप्रेस हा ऑनलाइन अर्ज भरून ठेवला तर तो ६० दिवसच टिकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

ज्यांच्याकडे १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी वैध वैद्यकीय प्रमाणपत्र होते आणि ज्यांचा शेवटचा अर्ज नाकारला गेलेला नाही, त्यांच्यासाठी २०१७ पासून बेसिकमेड नावाची वाट खुली आहे. दर ४८ महिन्यांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून ठरावीक नमुन्यावर तपासणी, दर २४ महिन्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम आणि अमेरिकेतील ड्रायव्हिंग लायसन्स एवढ्यावर सहा प्रवाशांपर्यंत घेऊन १८,००० फुटांखाली खासगी उड्डाण करता येते. सरकारी टेबल जवळजवळ वगळणारी ही वाट आहे, पण अगदी नवख्याला ती मिळत नाही, कारण एकदा तरी खरे प्रमाणपत्र हाती आलेले असावे लागते. जुन्या, पन्नाशी ओलांडलेल्या वैमानिकांनी शटडाऊनची वाट न पाहता तिचा विचार करावा, असे मला वाटते.

पाचवी पायरी: चेकराईडच्या तारखेभोवतीची घड्याळे सांभाळा

लेखी परीक्षा खासगी कंपनीच्या केंद्रावर होते: ६० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण, आणि निकाल २४ महिन्यांपर्यंत ग्राह्य. १४ मार्च २०२५ रोजी उत्तीर्ण झालेल्याचा निकाल ३१ मार्च २०२७ पर्यंत चालतो. हा रकाना निवांत आहे.

चेकराईड, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, घेणारा परीक्षकही स्वतंत्र व्यावसायिक असतो. तो आपल्याकडून थेट शुल्क घेतो आणि शटडाऊनमध्ये त्याचे काम साधारणपणे चालू राहते. मात्र त्याची नेमणूक, नूतनीकरण आणि अडलेल्या प्रकरणातील सल्ला हे जिल्हा कार्यालयाकडे असते. म्हणून तारीख घेताना परीक्षकाला तीन गोष्टी सरळ विचाराव्यात: आपल्या नेमणुकीची मुदत कधी संपते, माझ्या अर्जात जिल्हा कार्यालयाची परवानगी लागेल असे काही आहे का, आणि आयॅक्रा बंद पडली तर कागदी अर्जावर परीक्षा घ्याल का. चांगला परीक्षक अशा प्रश्नांनी रागावत नाही.

तारीख पुढे गेली तर काय बिघडते, हे एका उदाहरणावरून नीट दिसेल. परीक्षेच्या तयारीचे इन्स्ट्रक्टरबरोबरचे तीन तास परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांच्या आत झालेले असावे लागतात. समजा, एका विद्यार्थिनीने हे तीन तास २३ ऑगस्टला उडून घेतले आणि परीक्षा ८ ऑक्टोबरला ठरली. हे चालते. काही कारणाने तीच परीक्षा ३ नोव्हेंबरला गेली, की ऑगस्टमधले तास मोजले जात नाहीत. तेच तीन तास पुन्हा उडावे लागतात, विमानाचे भाडे आणि इन्स्ट्रक्टरचे मानधन पुन्हा द्यावे लागते आणि लॉगबुकात सही पुन्हा घ्यावी लागते. सोलोची सहीसुद्धा ९० दिवसांचीच असते. परीक्षा हवामानामुळे अर्धवट थांबली तर परीक्षक एक पत्र देतो आणि झालेल्या भागाचे श्रेय ६० दिवस टिकते. त्यानंतर सगळे पहिल्यापासून. यांपैकी एकही घड्याळ काँग्रेसकडे पाहून थांबत नाही. म्हणून शटडाऊनचे ढग दिसू लागले की परीक्षा पुढे ढकलण्याऐवजी शक्य तितकी अलीकडे ओढावी, आणि तयारीचे तीन तास परीक्षेच्या अगदी आधीच्या आठवड्यात ठेवावेत.

सहावी पायरी: तात्पुरत्या कागदाची तारीख भिंतीवर लिहा

परीक्षा उत्तीर्ण झाली की परीक्षक एक साधा छापील कागद देतो. त्यावर आपले नाव, पत्ता, उंची, वजन, परवान्याचा प्रकार आणि खाली परीक्षकाची सही असते. हे तात्पुरते प्रमाणपत्र फार तर १२० दिवस चालते, आणि त्या दिवसांत तो कागद प्लास्टिकच्या कार्डाइतकाच खरा असतो; दुसऱ्याच दिवशी घरच्यांना घेऊन उडता येते. २० सप्टेंबरला उत्तीर्ण झालेल्याची मुदत १८ जानेवारीला संपते. खरे कार्ड ओक्लाहोमा सिटीतून टपालाने येते, आणि शटडाऊन लांबला तर या टपालाला उशीर होण्याचा संभव असतो.

साधारण ९०व्या दिवसापर्यंत कार्ड आले नाही, तर एफएएच्या ऑनलाइन सेवेत खाते उघडून आपले नाव वैमानिकांच्या नोंदीत चढले आहे की नाही ते पाहावे. नाव चढलेले असेल आणि कार्ड टपालात हरवले असेल, तर त्याच सेवेतून ६० दिवस चालणारा तात्पुरता पुरावा मिळवता येतो. नाव चढलेलेच नसेल तर परीक्षकाला आणि जिल्हा कार्यालयाला लेखी कळवावे. पत्ता मात्र आधी तपासावा: विद्यार्थी मंडळी दर सहा महिन्यांनी खोली बदलतात आणि कार्ड जुन्या भाडेकरूच्या नावाच्या पेटीत जाऊन पडते. त्याचा दोष कुठल्याच सरकारवर टाकता येत नाही.

सातवी पायरी: आकाशातल्या शटडाऊनसाठी तयार राहा

कागद जागेवर असले तरी हवेतला अनुभव बदलतो. नियंत्रक बिनपगारी काम करतात, काही आजारपणाची रजा घेतात, काही जोडीला दुसरे काम पाहतात, आणि आधीच कमी असलेली माणसे आणखी कमी होतात. २५ जानेवारी २०१९ रोजी व्हर्जिनिया आणि फ्लोरिडातील दोन नियंत्रण केंद्रांत माणसे अपुरी पडली, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी वाहतूक काही काळ रोखावी लागली, आणि त्याच दिवशी शटडाऊन मिटला. २०२५ मध्ये ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे टक्केवारीने कमी करण्यात आली. १० नोव्हेंबरपासून तर शिकागो ओ'हेअर, अटलांटा, लॉस एंजेलिस, जेएफके यांच्यासह १२ विमानतळांवर खासगी विमानांना, तिथेच ठाण असलेली विमाने आणि आपत्कालीन किंवा वैद्यकीय कामाची उड्डाणे वगळता, जवळजवळ मज्जाव झाला.

नवखा वैमानिक ओ'हेअरवर आपले छोटे सेसना विमान उतरवायला जात नाही, हे खरे. त्याला झळ बसते ती वेगळीकडे. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानाला रडारवरून मिळणारी सोबत, म्हणजे फ्लाइट फॉलोइंग, हे नियंत्रकाच्या सवडीचे काम असते. माणसे कमी असली की ते सर्वांत आधी नाकारले जाते. सरावाच्या लँडिंगचे आणि इन्स्ट्रुमेंट ॲप्रोचचेही तेच. प्रवासी घेऊन उडायला गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात, आणि टॉवर असलेल्या विमानतळावर फेऱ्या मारू दिल्या नाहीत तर ती पूर्ण होत नाहीत. उपाय सोपा आहे: टॉवर नसलेला जवळचा विमानतळ निवडावा आणि इन्स्ट्रक्टरबरोबर तिथे आधीच दोनदा जाऊन यावे.

टॉवरच रिकामा पडला तर? ६ ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातील बरबँक विमानतळाच्या टॉवरमध्ये काही तास एकही नियंत्रक नव्हता. विमानांचे नियंत्रण दूरच्या रडार केंद्राकडून होत होते आणि जमिनीवर वैमानिक एकमेकांना सांगून हालचाल करत होते. असा प्रसंग आला तर करायचे काय, ते सोलोपूर्वी तोंडपाठ असावे. निघण्यापूर्वी त्या विमानतळाची सूचनापत्रे वाचावीत, टॉवरच्या बंदची वेळ तिथे असते. टॉवरकडून उत्तर मिळाले नाही तर दोनदा हाक मारून सर्व वैमानिकांच्या सामायिक रेडिओ-लहरीवर यावे. टॉवर बंद असताना बहुधा टॉवरचीच लहर त्यासाठी ठरलेली असते. मग विमानतळाचे नाव, आपण कोण, कुठे आहोत, काय करणार आहोत आणि शेवटी पुन्हा विमानतळाचे नाव, या क्रमाने सावकाश बोलावे. आजूबाजूला जेट विमाने असतील, किंवा आपण त्या वातावरणाला सरावलेले नसू, तर सरळ दुसरीकडे जावे. टाकीत तेवढे इंधन नेहमी असावे. शटडाऊनच्या काळात मी विद्यार्थ्यांना कायद्याने दिवसा लागणाऱ्या अर्ध्या तासाच्या राखीव इंधनाऐवजी दीड तासाचे घ्यायला सांगेन.

हवामानाची आणि उड्डाण-योजनेची सोय मात्र टिकून राहते. हवामान खात्याचे अंदाजकर्ते सुरक्षेच्या यादीत असतात, आणि मुख्य भूमीवरील फ्लाइट सर्व्हिस तर खासगी कंत्राटदारच चालवतो.

आठवी पायरी: विमान स्वतःचे असेल किंवा विकत घेत असाल तर

२०१३ मध्ये नोंदणी कार्यालयच बंद झाल्यामुळे विकली गेलेली विमाने कागदाअभावी जागच्या जागी उभी राहिली होती. त्यातून धडा घेऊन २०१८ च्या कायद्यात हे कार्यालय शटडाऊनमध्येही सुरू ठेवण्याची तरतूद झाली, आणि त्यानंतरच्या दोन्ही मोठ्या शटडाऊनमध्ये ते सुरू राहिले. नोंदणी आता सात वर्षे टिकते. जिल्हा कार्यालयाची मान्यता लागणारे मोठे फेरबदल मात्र अडू शकतात, तेव्हा असे काम ऑक्टोबरच्या तोंडावर काढू नये.

नववी पायरी: भारताशी जोडलेले कागद सर्वांत आधी मार्गी लावा

दोन दिशांचे अर्ज आहेत आणि दोन्ही ओक्लाहोमा सिटीच्या एकाच शाखेतून जातात. भारतात परतून डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, परवाना बदलून घेणाऱ्यांच्या बाबतीत, अमेरिकी परवाना खरा असल्याची खातरजमा डीजीसीए एफएएकडून करून घेते. त्यासाठी माहिती देण्याची संमती परवानाधारकाने एफएएच्या संकेतस्थळावर नोंदवायची असते. बरेच जण हे काम मुंबईला परतल्यावर हातात घेतात. तेव्हा शटडाऊन आडवा आला तर डीजीसीएच्या परीक्षा झालेल्या, वैद्यकीय झालेले, आणि फाईल एका उत्तरासाठी थांबलेली, अशी स्थिती होते. अलीकडच्या उड्डाणांच्या अटीही मधल्या काळात शिळ्या होत जातात. शेवटचे प्लास्टिक कार्ड हातात पडल्याच्या दिवशीच ही विनंती नोंदवावी आणि तिची पोच जपून ठेवावी.

उलट दिशेने, भारतीय खासगी परवाना असलेला वैमानिक मुलाबाळांकडे न्यू जर्सीला गेला आणि तिथे भाड्याने विमान घेऊन उडावे असे त्याला वाटले, तर भारतीय परवान्याच्या आधारे अमेरिकी खासगी प्रमाणपत्र मिळते. आधी परवान्याच्या सत्यतेची पडताळणी होते, तिला ४५ ते ९० दिवस लागू शकतात. मग मिळालेले पत्र सहा महिने चालते आणि ते घेऊन जिल्हा कार्यालयात स्वतः हजर व्हावे लागते. दोन्ही टप्पे सरकारी आहेत. दिवाळीनंतर जायचे असेल तर अर्ज जूनमध्ये करावा, आणि जिल्हा कार्यालयातील भेट शक्यतो सप्टेंबरच्या आत उरकेल असा प्रवास आखावा. ते जमणारे नसेल तर उन्हाळ्याची सुट्टी अधिक सोयीची.

अमेरिकेत राहण्याचा पत्ता नसलेल्या प्रमाणपत्रधारकांना २०२५ पासून आणखी एक काम लागले आहे: एफएएचे कागद आपल्या वतीने स्वीकारणारी, अमेरिकेत पत्ता असलेली व्यक्ती किंवा संस्था नेमून तिची नोंद करणे. नवीन अर्जदारांना हे ६ जानेवारी २०२५ पासून आणि जुन्या धारकांना ७ जुलै २०२५ पासून बंधनकारक आहे. तिथे राहणारा भाऊ, मावसबहीण किंवा जुना रूममेट या कामाला चालतो, फक्त त्याला आधी विचारावे आणि त्याने घर बदलले तर आपल्याला कळवायला सांगावे.